आर्याजींची आई

दहावीची परीक्षा संपल्यावर तिसऱ्या दिवशी, जेवताना, माझ्या मुलीने सांगितलं की तिला श्रामणेरी शिबिराला जायचंय. मी ताटात भात वाढत होते. मला वाटलं, आमच्या विहारातली पोरं कुठेतरी चार दिवस सहलीला निघाली असतील. मी म्हटलं, "जा की." मग तिने सावकाश सांगितलं, "दहा दिवस आहे. चीवर घालून राहायचं. दुपारी बारानंतर जेवण नाही, फोन नाही. आणि केस काढायचे."

"काढायचे म्हणजे? कापायचे?"

"काढायचे. पूर्ण."

माझा नवरा म्हणाला, "बरं वाटेल उन्हाळ्यात." एवढं बोलून त्याने आमटी मागितली. या माणसावर चिडायला मला लग्नानंतरची अठरा वर्षं पुरलेली नाहीत.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, घाटकोपरला राहतो, बौद्ध आहोत. विहार आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर. श्रामणेर शिबिर आमच्याकडे नवीन नाही. दर उन्हाळ्यात गल्लीतले दोन-तीन मुलगे दहा दिवस भिक्खूंसारखे राहून येतात, डोकं गुळगुळीत करून, आणि महिनाभर सगळे त्यांच्या टाळूवर टपल्या मारतात. पण बायका-मुलींचं शिबिर आमच्या भागातून पहिल्यांदाच निघत होतं. आणि त्या पहिल्यांदामध्ये नाव घालायची घाई माझ्याच घरात.

मी तिला विचारलं, का जायचंय? देवधर्माची, म्हणजे आमच्याकडे धम्माची, तिला फार ओढ असल्याचं मी पाहिलं नव्हतं. रविवारच्या वंदनेला तिला उठवायचं म्हणजे माझा घसा बसायचा. तर म्हणाली, "मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"तेच माहीत असतं तर कशाला गेले असते?"

फॉर्मवर आई आणि वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. वडिलांची सही त्याच दिवशी झाली. माझ्यासाठी तो फॉर्म चार दिवस फ्रिजवर पडून होता. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मम्मी, तुझ्या सहीशिवाय मला घेणार नाहीत. आईवडिलांच्या परवानगीशिवाय प्रव्रज्या, म्हणजे ही दीक्षा, द्यायची नाही, असा नियम बुद्धांनीच केलाय. त्यांनी स्वतःच्या मुलाला घरी न विचारता घेतलं म्हणून त्यांच्या वडिलांना वाईट वाटलं होतं. त्यांनी तसं सांगितलं, मग हा नियम झाला."

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या म्हाताऱ्या राजाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. एकाच घरातून आधी मुलगा गेला, मग नातू. कोणीतरी बोलायलाच हवं होतं. त्याने बोलून दाखवलं म्हणून आज फॉर्म माझ्या फ्रिजवर तरी आला. मी सही केली. रागातच केली, पेनाने कागद थोडा फाटला.

मग माझी नणंद. ती मुलुंडला राहते आणि तिला सगळं माझ्याआधी कळतं. तिने फोन केला, "वहिनी, मुलीचं डोकं भादरणार तुम्ही? लोक काय म्हणतील? अकरावीला जाणार ती, तिथली पोरं काय म्हणतील?" गंमत म्हणजे हेच सगळं मी चार दिवस घरात बोलत होते. पण तिच्या तोंडून ऐकल्यावर मला इतका संताप आला की मी म्हटलं, "तिचं डोकं आहे, तिला जे करायचं ते करू दे." फोन ठेवला तर लेक दारात उभी होती. "थँक्यू मम्मी," म्हणाली. मी म्हटलं, "थँक्यू नको, ती भांडी घास."

सामानाची यादी आली. पांढरे कपडे दोन जोड, चादर, चटई, टॉवेल, साबण. शेवटी ठळक अक्षरांत: डास मारायची कॉइल आणू नये. शीलात, म्हणजे रोज म्हणून घ्यायच्या नियमांत, हिंसा बसत नाही म्हणून. शिबिर शहापूरच्या पुढे एका टेकडीवर, आजूबाजूला झाडी, मे महिना. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. डेंग्यू-मलेरियाच्या नळ्यांवर नावं चिकटवण्यात माझे पावसाळे जातात. मी शिबिराच्या कार्यकर्त्यांना फोन लावला. ते पोस्टातून रिटायर झालेले एक सज्जन गृहस्थ होते, आवाज अगदी मऊ. मी विचारलं, "डासांना माहितीय का हिंसा करायची नाही ते?" ते म्हणाले, "ताई, अंगाला लावायचं मलम चालेल." मग मी विचारलं, बाथरूम किती आहेत, पाळी आली तर काय सोय, पॅड टाकायला जागा आहे का. मग ते म्हणाले, "मी मिसेसना देतो." मिसेसनी मला सगळं नीट सांगितलं. तीन बाथरूम, तीस बायका. मी कपाळावर हात मारला.

मी तिला घरी सराव करायला लावला. बारानंतर काही खायचं नाही, फक्त पाणी आणि बिनदुधाचा चहा. पहिल्या दिवशी चार वाजता ती चिडचिडी झाली, साडेसहाला फ्रिज उघडून उभी राहिली आणि सातला खाली जाऊन वडापाव खाऊन आली. तोंडाला चटणी तशीच. मी म्हटलं, "झालं? नको जाऊस." ती म्हणाली, "तिथे फ्रिज नसणार ना." माझ्या घरातला फ्रिजच जणू पापी.

जायच्या दिवशी सकाळी मी तिच्या केसांना तेल लावलं. कमरेपर्यंतचे केस, दाट, माझ्या आईच्या वळणाचे. ती म्हणाली, "मम्मी, दोन तासांनी काढायचेत, तेल कशाला?" मी म्हटलं, "गप बस." ती खरंच गप्प बसली. मी वेणी घातली, रबर लावलं. त्यात काही अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं.

केस विहारातच काढले. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला बोलावलं होतं. बायका-मुलींचं डोकं त्याने कधी केलं नव्हतं, तो घामाघूम झालेला. शिबिर घेणाऱ्या भिक्खुणी, त्यांना आम्ही आर्याजी म्हणतो आणि चीवर घातल्यावर दहा दिवस या सगळ्यांनाही तेच म्हणायचं होतं, त्यांनी प्रत्येकीची पहिली बट कापली आणि हातात दिली. त्या बटेकडे बघत पाच शब्द म्हणायचे: केस, लोम, नखं, दात, त्वचा. शरीर म्हणजे एवढंच, म्हणून. माझ्या मुलीने ते पालीतून एकदम स्पष्ट म्हटलं. मी पांढरं कापड धरून समोर उभी होते, केस त्यात पडणार होते. सलूनवाल्याने सवयीने विचारलं, "किती ठेवू?" पोरगी म्हणाली, "काहीच नको." तेल लावल्यामुळे मशीन अडकत होती. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "तेल कोणी लावलं?" मी म्हटलं, "मी."

डोकं झाल्यावर तिचे कान एवढे मोठे आहेत हे मला सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं. माझ्या नवऱ्याचे कान. तो बाजूला उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता आणि डोळे पुसत होता. उन्हाने पाणी येतंय म्हणाला.

बस गेली आणि माझा खरा छळ सुरू झाला, कारण पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तीस घरं, प्रत्येक घरातून दोन-तीन माणसं. कार्यकर्ते रोज संध्याकाळी एक फोटो टाकायचे आणि खाली प्रत्येकजण "साधू साधू साधू" लिहायचा. नव्वद वेळा साधू. त्यात कोणाच्या तरी मामाचा वाढदिवस, कोणाचे गुलाबाचे फूल, कोणाची फॉरवर्ड केलेली कंबरदुखीची औषधं. मला फक्त एवढंच हवं होतं, माझी मुलगी जेवली का. फोटोत सगळ्या मान खाली घालून बसलेल्या, सगळ्यांची डोकी सारखी. मी फोटो मोठा करून करून बघायचे, लॅबमध्ये सुद्धा. एकदा एका पेशंटने विचारलं, "मॅडम, रक्त काढताय ना?"

पाचव्या दिवशी नव्वद साधूंच्या मध्ये एक मेसेज होता: "आज काही आर्याजींना उलट्या-जुलाबाचा त्रास. काळजी नसावी. सर्वांनी मैत्रीभावना करावी." मला तो दोन तासांनी दिसला, तोवर तो कुठल्या कुठे वर गेला होता. मी कार्यकर्त्यांना फोन लावला. लागेना. टेकडीवर रेंज नव्हती. पुन्हा लावला. अकराव्यांदा लागला.

"ताई, काळजी करू नका. मनात मैत्री ठेवा, सगळ्यांचं भलं होवो असं म्हणत राहा."

"मैत्री ठेवलीय. पाणी उकळता का?"

"टाकीचं आहे. स्वच्छ असतं."

"टाकी कधी धुतली?"

तेव्हा रेंज गेली. किंवा त्यांनी ती जाऊ दिली, मला अजून शंका आहे.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, होतं असं." तो लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतो. दिवसभर लोक त्याच्यावर ओरडत असतात आणि तो त्यांना हेच सांगतो, जाऊ दे, होतं असं. मी त्याला म्हटलं, "तुझी मुलगी लिफ्ट नाहीये." मग तो उठला. विहारातून दुसऱ्या दिवशी भाजीचा टेम्पो शिबिराला जाणार होता. मी लॅबमधून लवकर निघाले, मेडिकलमधून पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि जलसंजीवनीची पाकिटं घेतली, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, किती लिटरला किती गोळ्या, किती वेळ थांबायचं. खाली लिहिलं, पाणी उकळणं हीसुद्धा मैत्री आहे. नवऱ्याने तो कागद वाचला आणि म्हणाला, "जरा जास्त होतंय." मी तो तसाच पाठवला.

सातव्या दिवशी भोजनदान होतं. त्या दिवशी घरच्यांनी जाऊन शिबिरातल्या सगळ्यांना जेवण वाढायचं. सगळं बाराच्या आत आटपायला हवं. ग्रुपवर लिहिलेलं, बस ठीक सहाला निघेल. मी चारला उठून काळ्या वाटाण्यांची उसळ केली, मोठा टोपभर, कारण तिला ती कशाहीपेक्षा आवडते. सहाला आम्ही विहाराच्या दारात. बस निघाली सात चाळीसला. बसला लावायचा फलक आला नव्हता. मी ड्रायव्हरला विचारलं, फलक नसेल तर बसला रस्ता दिसत नाही का? तो हसला. बाकी कोणी हसलं नाही. माझ्या मांडीवर गरम टोप.

पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. पत्र्याची लांब शेड, तिथे तीस जणी एका ओळीत बसलेल्या. सगळ्यांचं चीवर एकाच रंगाचं, सगळ्यांच्या नजरा खाली, पुढ्यात भिक्षापात्र. सगळ्यात लहान पंधराची, सगळ्यात मोठी साठीच्या पुढची. बोलायचं नाही. आम्ही हातात डाव घेऊन ओळीने पुढे सरकायचं आणि प्रत्येकीच्या पात्रात वाढायचं. मी एकेकीचा चेहरा बघत होते. तेराव्या जागी मला माझी मुलगी दिसली. त्याच पापण्या, तीच हनुवटी. मी तिला दोन डाव वाढले, मग तिसरा. हळूच म्हटलं, "नीट जेव." तिने डोळे वर केले. ती कल्याणची कोणीतरी मुलगी होती.

तिच्या पलीकडे तिसरी माझी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ओठ घट्ट मिटून बसली होती आणि खांदे हलत होते. टोपाच्या तळाशी राहिलेलं मी तिच्या पात्रात वाढलं, अर्धा डावसुद्धा भरला नाही. तिच्या मानेवर घामोळं आलेलं, हातांवर डासांचे फोड, ओठ फुटलेले. माझ्या तोंडात एवढे प्रश्न एकदम आले की एकही बाहेर पडेना. शेवटी कुजबुजले, "पाणी उकळतात का?" बाजूला उभ्या असलेल्या आर्याजींनी माझ्याकडे पाहिलं. मुलीने किंचित मान हलवली. हो.

जेवण झाल्यावर घरच्यांनी वंदन करायचं होतं. याचा मी आधी विचारच केला नव्हता. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, तीन वेळा. चीवरातल्या माणसाला वंदन करतात, वयाला नाही. ती सोळा वर्षांची, पंधरा दिवसांपूर्वी चटणीच्या तोंडाने माझ्याशी वाद घालणारी. माझ्या शेजारचे एक आजोबा नातीपुढे वाकताना रडत होते. माझा नवरा केव्हाच खाली वाकला होता. मी मात्र उभी. मला काय होत होतं ते नीट सांगता येत नाही. लाज नव्हती. चिडच होती, की ही माझी मुलगी आहे, हिच्या घामोळ्याला पावडर लावायची सोडून मी हिच्या पाया का पडू.

पण पडले. गुडघा दुखला, फरशी तापलेली. "वंदामि आर्याजी." दुसऱ्यांदा वाकले तेव्हा तिचे पाय समोर होते, टाचेला भेगा, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. तिसऱ्यांदा वाकले आणि जरा वेळ तशीच राहिले. वरून तिचा आवाज आला, "सुखी होतु." आवाज फुटला मध्येच. मी वर पाहिलं तर ती समोरच्या पत्र्याकडे बघत होती, डोळे भरलेले, पण पापणी हलू देत नव्हती.

परतीच्या बसमध्ये नवरा म्हणाला, "बघितलंस?" मी म्हटलं, "अंगठ्याला काय लागलंय ते विचारायचं राहिलं."

तीन दिवसांनी ती घरी आली. आमची लिफ्ट बंद होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या बिल्डिंगमधली लिफ्ट नेहमीच बंद असते. ती अकरा मजले बॅग घेऊन चढून आली आणि दारात वाकून आम्हा दोघांच्या पाया पडली. मग स्वतःची चटई टाकून तिच्यावर बसली. सोफा आहे म्हटलं, तर म्हणाली, "इथे बरं आहे."

मला वाटलं होतं, आली की सुटेन. कसलं काय. सकाळी साडेचारला उठायची. अंथरूण घडी करून, आंघोळ करून वंदना म्हणायची. जेवून ताट स्वतः घासायची, माझंही घासायची. दुपारी बारानंतर जेवायची नाही. मी संध्याकाळी लॅबमधून येऊन स्वयंपाक करायचे आणि ती समोर बसून पाणी प्यायची. मी वॉचमनवर ओरडले, पाणी का सोडलं नाही म्हणून, तर शांत आवाजात म्हणाली, "मम्मी, आधी स्वतःचा श्वास बघ." मी तिला सांगितलं, पाणी आलं नाही तर श्वास बघून कपडे धुतले जात नाहीत. ती हसली. तेही शांत. माझं डोकं आणखी फिरलं. सोळा वर्षं मी म्हणत होते की ही मुलगी जरा शहाणी झाली पाहिजे, आणि ती शहाणी झाल्यावर मला घरात करमेना.

बाहेर वेगळाच ताप. अकरावीच्या कागदपत्रांसाठी आम्ही अंधेरीच्या एका कॉलेजात गेलो. बसमध्ये एका बाईंनी तिच्यासाठी जागा सोडली. ती नको म्हणत होती, बाई ऐकेनात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किती दिवस झाले केमो चालू होऊन?" मुलीने ऐकलं होतं. म्हणाली, "काकी, मी आजारी नाही. मी दहा दिवस भिक्खुणींसारखी राहिले होते." बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढं स्पष्ट होतं की कॅन्सर असता तर त्यांना माझा राग आला नसता. कॉलेजातल्या क्लार्कने फॉर्मवरचा वेणीवाला फोटो आणि समोरची मुलगी तीनदा ताडून पाहिली आणि विचारलं, "फोटोतली हिची सिस्टर आहे का?"

घरी येताना ती काही बोलली नाही. मला वाटलं, शांतता चालू आहे.

दोन आठवडे झाले असतील. मी दुपारी तीनला घरी आले तर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेली, शेजारी चिप्सचं रिकामं पाकीट, आणि हुंदके देऊन रडत होती. असं ती लहानपणी रडायची. मी घाबरले. काय झालं? तिने बाहीने नाक पुसलं. मग म्हणाली, "मी तिच्यावर ओरडले फोनवर." तिच्या शाळेतल्या मैत्रिणीवर. मैत्रिणीने तिच्या टकलाचा फोटो स्टिकर करून ग्रुपमध्ये टाकला होता. "मी तिला एवढं घाण बोलले मम्मी. तिथे मी चांगली होते. खरंच चांगली होते. उलट्या करणाऱ्या बायकांच्या बादल्या धुतल्या मी, मला घाणसुद्धा वाटली नाही. आणि इथे येऊन पंधरा दिवसांत परत तशीच झाले."

बादल्यांचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. मी म्हटलं, "तशीच म्हणजे कशी? तशी मला चालत होती." त्याने ती आणखी रडली. मला काही येत नव्हतं. नळीत रक्त किती घ्यायचं ते मला येतं. हे कुठे शिकवतात?

तिने शिबिरातल्या एका बाईंबद्दल सांगितलं होतं. मुलुंडच्या, महानगरपालिकेत सफाई कामगार होत्या, रिटायर झालेल्या. दोघींच्या चटया शेजारी-शेजारी होत्या, आणि बाई इतक्या घोरायच्या की पोरीने कानात कापूस घालून दहा दिवस काढले. त्यांचा नंबर एका कागदावर होता. मी तिला न विचारता तिच्याच फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या आता मैत्रीभावनेवर बोलतील.

पलीकडून बाई म्हणाल्या, "अगं, तू पंधरा दिवस टिकलीस? मी घरी आले त्याच दिवशी सुनेशी भांडले. पिशवी खाली ठेवायच्या आत. तिने माझी चहाची गाळणी टाकून दिली होती."

पोरीचं रडणं मध्येच थांबलं. नाक ओढत तिने विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी परत शील घेतलं. रोज घेतो ते कशाला, बाळा? एकदाच पुरलं असतं तर रोज कशाला घेतलं असतं?"

त्याच रविवारी आम्ही दोघी मुलुंडला त्यांच्याकडे गेलो. चाळीतली खोली, एकदम स्वच्छ. बाईंच्या डोक्यावर पांढरे खुंट उगवले होते, हिच्या डोक्यावर काळे. दोघींनी एकमेकींच्या डोक्यावरून हात फिरवून कोणाचे जास्त आले ते बघितलं. सुनेने पोहे आणले. दुपारचे तीन वाजले होते. बाईंनी खाल्ले, हिने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग हिनेही खाल्ले.

गप्पांत बाई सहज म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी ही घरी निघाली होती, माहितीय ना? बॅग भरून बसलेली. मी म्हटलं, जा, कोणी धरून ठेवलं नाही."

मला काहीच माहीत नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं. ती पोह्यांतले शेंगदाणे वेचत होती.

"मग का राहिलीस?" मी विचारलं.

तिच्याऐवजी बाईच म्हणाल्या, "म्हणाली, घरी गेले तर मम्मी म्हणेल, मी सांगितलं होतं ना." आणि मोठ्याने हसल्या. सूनही हसली.

मला हसता आलं नाही. परत येताना बसस्टॉपवर मी तिला म्हटलं, "म्हणजे माझ्या भीतीने राहिलीस तू तिथे?"

"पहिले तीन दिवस. नंतर नाही."

"मी खरंच तसं म्हटलं असतं?"

मी थोडा विचार केला. म्हटलं असतं. दारातच म्हटलं असतं, बॅग खाली ठेवायच्या आत. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय." बस आली, गर्दी नव्हती. कोणी तिला जागा सोडली नाही, आम्हाला दोघींना मागे मिळाली.

आता तिचे केस कानापर्यंत आले आहेत, चारी दिशांना उभे राहतात आणि ती त्यांना रोज अर्धा तास पाणी लावत बाथरूम अडवून ठेवते. साडेचारला उठणं कधीच बंद झालं. संध्याकाळी जेवते, दोनदा जेवते. मैत्रिणीची माफी तिने मागितली, मैत्रिणीनेही मागितली. रविवारी जाग आली तर विहारात जाते, पण मी उठवायला जात नाही. शील मात्र रोज घेते, दात घासल्यावर, घाईघाईत, कधी कधी चप्पल घालता घालता. मी ते ऐकते आणि मग ओरडते की डबा विसरलीस.